निकालानंतर कायदा बदलला, म्हणून निकाल संपतो का?

आदरणीय मॅडम,

मी एलएल.एम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय 'प्राप्तिकर कायद्यावरील न्यायालयीन निकाल'. मार्गदर्शक सरांनी शंभर निकालांची यादी करून प्रत्येकाचा एकेक पानाचा सारांश लिहायला सांगितलंय. एकतीस झाले आणि हात थांबला. ज्या निकालावर दोन-दोन दिवस घालवते, त्याच्याखाली तळटीप असते की पुढच्या अमुक वित्त अधिनियमाने हे कलम बदललं. मग मी लिहिते ते कोणासाठी? माझा दादा सीए आहे. तो म्हणतो, 'जुने निकाल आता रद्दीत घाल. १ एप्रिल २०२६ पासून अख्खा कायदाच नवा.' करकायद्यावर संशोधन करण्यात खरंच काही अर्थ आहे का, की वेळेत विषय बदलून घेऊ?

— एलएल.एम.ची एक विद्यार्थिनी

नमस्कार,

विषय बदलू नका. शंभराचा आकडा मात्र आजच सोडून द्या.

तुमच्या पत्रातलं तळटिपेचं वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्हाला ती अडचण वाटते आहे आणि मला वाटतं तुमचा प्रबंध त्या तळटिपेतच आहे. करकायद्यात दर वर्षी वित्त अधिनियम येतो, म्हणजे न्यायालय जे बोललं त्याला उत्तर द्यायची संधी संसदेला दर वर्षी मिळते. इतक्या नेमाने चाललेला हा संवाद कायद्याच्या दुसऱ्या शाखांत सहसा सापडत नाही. तुम्ही एका बाजूचं बोलणं टिपून घेताय आणि दुसरी बाजू तळटिपेत ढकलताय, म्हणून सगळं निर्जीव वाटतंय.

एकच निकाल जवळून बघू. तुमच्या एकतिसांत तो असणारच.

अगरबत्त्या तयार करून विकणारी एक भागीदारी संस्था होती. ३१ डिसेंबर १९६५ रोजी ती विसर्जित झाली, त्याच नावाने नवी संस्था उभी राहिली आणि जुनीची सगळी मालमत्ता तिच्याकडे गेली. त्या मालमत्तेत गुडविलही, म्हणजे धंद्याने कमावलेलं नावही, होतं आणि त्याची किंमत दीड लाख रुपये धरली होती. खात्याचं म्हणणं, यावर भांडवली नफ्याचा कर लागतो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी १९८१ मध्ये न्यायमूर्ती आर. एस. पाठक यांनी लिहिलेला हा बी. सी. श्रीनिवास शेट्टी निकाल.

गुडविल ही मालमत्ता आहे हे न्यायालयाने मान्य केलं. अडलं ते हिशेबापाशी. भांडवली नफा काढायचा तर मिळालेल्या रकमेतून ती मालमत्ता मिळवायला आलेला खर्च वजा करावा लागतो. आता धंद्याचं नाव कोणत्या तारखेला 'मिळवलं' म्हणायचं? पहिल्या दिवशी ते नसतं. माल चांगला निघतो, गिऱ्हाईक परत येतं, वर्षं जातात, आणि नाव साठत जातं. त्याची ना तारीख सांगता येते ना खर्चाचा आकडा. न्यायालय म्हणालं, कर बसवणारं कलम ४५ आणि नफा मोजणारं कलम ४८ ही मिळून एकच संहिता आहे. मोजणीचं कलम ज्या मालमत्तेला लागूच पडू शकत नाही, ती मालमत्ता कराच्या कक्षेत आणायचा कायद्याचा हेतू नव्हता, असंच समजलं पाहिजे.

तुमच्या एक पानी सारांशात याचं एक वाक्य होईल: स्वतः निर्माण केलेल्या गुडविलवर भांडवली नफ्याचा कर नाही. खाली तळटीप: १९८७ च्या वित्त अधिनियमाने बदलले. संपलं.

आता ती दुरुस्ती उघडून बघा. 'गुडविलवर कर लागेल' असं संसदेने कुठेही लिहिलं नाही. तिने कलम ५५ मध्ये भर घातली, की गुडविल विकत घेतलेलं नसेल तर ते मिळवण्याचा खर्च शून्य धरावा. १ एप्रिल १९८८ पासून हे लागू झालं. न्यायमूर्ती पाठकांनी ज्या फटीवर बोट ठेवलं होतं, नेमक्या त्याच फटीत पाचर बसवली. म्हणजे संसदेने निकालाचा परिणाम बदलला, पण त्यासाठी निकालाचं कारण आधी पूर्ण मान्य केलं. शिवाय पाचर बसली ती फक्त गुडविलपुरती. भाडेकरूचा हक्क, वस्तू उत्पादन करण्याचा हक्क, ट्रेडमार्क, ही नावं त्या यादीत पुढे एकेक करून घालावी लागली. जी मालमत्ता यादीत नव्हती तिच्या बाजूने वकील १९८१ चाच निकाल घेऊन उभे राहत होते. शेवटी २०२३ च्या वित्त अधिनियमाने 'इतर कोणतीही अमूर्त मालमत्ता किंवा कोणताही हक्क' असे सर्वसमावेशक शब्द घातले. १९८१ ते २०२३ म्हणजे बेचाळीस वर्षं झाली. तळटिपेप्रमाणे हा निकाल १९८८ मध्येच संपायला हवा होता!

त्याच वर्षी, सप्टेंबर १९८१ मध्ये, के. पी. वर्गीस निकाल आला. एका गृहस्थांनी १९५८ मध्ये १६,५०० रुपयांना घेतलेलं घर १९६५ मध्ये सून आणि पाच मुलांना त्याच १६,५०० रुपयांना विकलं. अधिकाऱ्याने बाजारभाव ६५,००० धरला आणि मधले ४८,५०० रुपये भांडवली नफा म्हणून कराला घेतले. कलम ५२(२) चे शब्द त्याच्या बाजूचे होते: सांगितलेल्या किमतीपेक्षा बाजारभाव पंधरा टक्के किंवा जास्त असेल तर बाजारभाव धरावा. या गृहस्थांनी चोरून पैसे घेतले असं खात्याचंही म्हणणं नव्हतं. मग जो पैसा हातात आलाच नाही त्यावर कर का? न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी शब्दशः अर्थ नाकारला. अर्थमंत्र्यांनी विधेयक मांडताना केलेलं भाषण त्यांनी वाचलं, प्रत्यक्ष कर मंडळाचं परिपत्रक वाचलं, आणि ठरवलं की हे कलम किंमत लपवणाऱ्यांसाठी आहे, आणि किंमत लपवली हे खात्याने दाखवलं पाहिजे.

यावर संसदेने काय केलं? १९८७ च्या त्याच वित्त अधिनियमाने, त्याच १ एप्रिल १९८८ पासून, कलम ५२ काढूनच टाकलं. आणि २००२ च्या वित्त अधिनियमाने कलम ५०सी आणलं, की जमीन किंवा इमारत विकताना मुद्रांक शुल्कासाठी धरलेलं मूल्य हीच विक्रीची किंमत समजावी. वर्गीस निकालाने खात्यावर टाकलेला पुराव्याचा भार या कलमाने अलगद बाजूला ठेवला. एका निकालाला संसदेने फट बुजवून उत्तर दिलं, दुसऱ्याला कलम काढून, आणि मग पंधरा वर्षांनी तोच हेतू वेगळ्या वाटेने परत आणला. हे दोन निकाल आणि त्यांच्या मागोमाग आलेली कलमं शेजारी ठेवून लिहिलेलं एक प्रकरण मला तुमच्या शंभर सारांशांपेक्षा जास्त मोलाचं वाटेल.

याला सिद्धांताचा कणा हवा असेल तर तोही आहे. पृथ्वी कॉटन मिल्स विरुद्ध भडोच नगरपालिका, १९६९, घटनापीठ. नगरपालिकेने मालमत्तेच्या भांडवली मूल्यावर टक्केवारीने 'रेट' बसवला होता. 'रेट' म्हणजे वार्षिक भाडेमूल्यावरचा कर, असं सर्वोच्च न्यायालयाने आधी दुसऱ्या प्रकरणात म्हटलं होतं. मग गुजरातने वैधकरण कायदा करून जुनी वसुली वाचवली. तो कायदा टिकला, पण टिकवताना न्यायालयाने अट घातली: न्यायालयाचा निकाल आम्हाला बांधील नाही, एवढंच विधिमंडळ म्हणू शकत नाही. निकाल ज्या पायावर उभा आहे तो पायाच असा बदलला पाहिजे की बदललेल्या स्थितीत तो निकाल देताच आला नसता. आता शेट्टी निकाल आणि कलम ५५ पुन्हा वाचा. संसदेने तिथे काय केलं ते तुम्हाला या वाक्याच्या उजेडात दिसेल. म्हणूनच करकायद्यात निकालाच्या निष्कर्षापेक्षा त्याची कारणमीमांसा जपून वाचायची असते. कायदा बदलणाऱ्यालाही तीच वाचावी लागते.

व्होडाफोनबद्दल लिहिल्याशिवाय तुमचा प्रबंध पुरा होणार नाही, पण तिथे अडकू नका. सगळे तिथेच अडकतात. भारतातली मालमत्ता हाती असलेली परदेशी कंपनी परदेशातच विकली गेली, तर त्या व्यवहारावर भारतात कर लागतो का, हा तिथला वाद. जानेवारी २०१२ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षीच्या वित्त अधिनियमाने कलम ९ मध्ये १ एप्रिल १९६२ पासूनची पूर्वलक्षी दुरुस्ती केली. २०२१ मध्ये संसदेनेच २८ मे २०१२ पूर्वीच्या अशा व्यवहारांवरच्या पूर्वलक्षी मागण्या मागे घेतल्या. मध्यंतरी एक लवाद निवाडाही झाला. प्रबंधासाठी माझ्या मते यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. पार्थसारथी शोम यांच्या तज्ज्ञ समितीने २०१२ मध्येच सांगितलं होतं की अशी दुरुस्ती पुढच्या काळासाठीच असावी. ते लिखाण तेव्हा बाजूला पडलं. नऊ वर्षांनी संसद त्याच दिशेने आली. 'मी लिहिते ते कोणासाठी' असं तुम्ही विचारलंत म्हणून हे सांगितलं.

आता वाचायच्या पद्धतीबद्दल. इथे मला माझीच एक चूक सांगावी लागेल.

वकिली सुरू करून जेमतेम दोन वर्षं झाली होती. अपिलीय न्यायाधिकरणापुढे मी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातला एक परिच्छेद ठासून वाचला. सदस्य शांतपणे म्हणाले, 'याच्या आधीच्या परिच्छेदाची पहिली ओळ वाचा.' ओळ होती: 'अपिलकर्त्यांच्या विद्वान वकिलांचे म्हणणे असे की...' न्यायालयाचं मत म्हणून मी वाचत होते तो वकिलाचा युक्तिवाद होता, आणि पुढे न्यायालयाने तो फेटाळला होता. हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, पाहून मी थेट त्या पानावर उडी घेतली होती. अशिलाचं प्रकरण दुसऱ्या मुद्द्यावर तरलं, पण त्या दिवसापासून मी कोणताही निकाल पहिल्या ओळीपासून वाचते.

तुम्हीही तसंच करा. आधी हकीकत: कोणी, कोणाला, काय, किती रुपयांना दिलं. मग करनिर्धारण वर्ष, म्हणजे आधीच्या वर्षाच्या उत्पन्नावर ज्या वर्षी कर ठरतो ते, बघा आणि त्या वर्षाच्या १ एप्रिलला कलम जसं होतं तसं समोर ठेवा. आजचं कलम हातात घेऊन १९७० च्या वर्षाचा निकाल वाचला तर न्यायमूर्ती चुकले असं वाटू लागतं. त्यांच्यासमोर तो शब्दच नव्हता. मग प्रश्न नेमका कोणता होता ते पाहा, आणि कोणता मुद्दा वकिलांनी सोडून दिला होता तेही. सोडून दिलेल्या मुद्द्यावर न्यायालयाने काही ठरवलेलं नसतं. निकालातला एखादा शब्द किंवा वाक्य संदर्भातून उचलून तोच पूर्ण कायदा समजू नये, असं सर्वोच्च न्यायालयानेच १९९२ च्या सन इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात बजावलं आहे, आणि ते प्रकरणही प्राप्तिकराचंच होतं.

मॅकडॉवेल, १९८५, हे याचं सर्वांत मोठं उदाहरण. करनियोजन आणि करचुकवेगिरी यांवर बोलायचं म्हटलं की पहिलं नाव याचं येतं. त्यातला वाद काय होता, असं वर्गात विचारलं तर फार थोडे हात वर येतात. मद्य बनवणारी कंपनी होती आणि उत्पादन शुल्क खरेदीदार परस्पर सरकारकडे भरत होते. ते शुल्क कंपनीच्या उलाढालीत धरून त्यावर विक्रीकर लावायचा की नाही, एवढाच प्रश्न होता. उत्तर मिळालं, धरायचं. त्या ओघात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी कर टाळण्याच्या क्लृप्त्यांवर स्वतंत्र आणि अतिशय कडक मत लिहिलं. १९३६ च्या ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर प्रकरणातलं इंग्लिश तत्त्व, कायद्यात बसवून कर कमी करायचा प्रत्येकाला हक्क आहे हे, त्यांनी नाकारलं. बाकी चार न्यायमूर्तींतर्फे रंगनाथ मिश्रांनी लिहिलं की कायद्याच्या चौकटीतलं करनियोजन वैध असू शकतं, दिखाऊ क्लृप्त्या मात्र त्यात मोडत नाहीत. आणि लगेच पुढच्या परिच्छेदात रेड्डींच्या मताशी सहमतीही नोंदवली. मग नेमकी कशाशी सहमती? २००३ मध्ये आझादी बचाओ आंदोलन प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने सौम्य अर्थ घेतला. पाच जणांच्या निकालाचा अर्थ दोघांनी असा अरुंद करावा का, यावर खूप वाद झाला. व्होडाफोनमध्ये तीन न्यायमूर्तींनी तो सौम्य अर्थच चालवला. आणि १ एप्रिल २०१७ पासून सर्वसाधारण करटाळणीविरोधी नियम, म्हणजे गार, कायद्यातच आले. उलाढालीच्या एका वादातून निघालेला प्रश्न असा तीस वर्षं चालत आला.

सारांश आणि संशोधन यांतला फरक तुम्ही विचारला नाहीत, पण तुमचा हात तिथेच थांबला आहे असं मला वाटतं. संशोधनात कुठेतरी तुम्हाला म्हणावं लागतं, 'हे मला पटत नाही, आणि कारण हे.' मी माझं एक सांगते. जुलै २०१८ च्या दिलीप कुमार अँड कंपनी निकालात घटनापीठापुढे प्रश्न होता व्हिटॅमिन ई-५० पावडरीचा. सवलतीच्या दरासाठी ती कोळंबीचं खाद्य ठरते का? आयातदार म्हणे खाद्य, सीमाशुल्क खातं म्हणे खाद्यात मिसळायचा घटक. घटनापीठाने नियम घालून दिला की कर बसवणाऱ्या तरतुदीत संदिग्धता असेल तर फायदा करदात्याला, पण सूट देणाऱ्या अधिसूचनेत संदिग्धता असेल तर फायदा सरकारला. यामागचा विचार मला समजतो. एकाला सूट मिळाली की बाकीच्यांवर भार वाढतो, म्हणून सूट मागणाऱ्याने आपला हक्क स्वच्छ दाखवावा. तरी मला हा नियम पुरता पटलेला नाही. अधिसूचना सरकार लिहितं. ती धूसर लिहिल्याचा लाभ लिहिणाऱ्यालाच मिळाला तर स्वच्छ लिहायची गरज कोणाला राहील? शिवाय कर बसवणारी तरतूद कोणती आणि सूट देणारी कोणती, हे दर वेळी उघड नसतं. तुम्हाला माझं मत चुकीचं वाटलं तर ते खोडून काढा. तसं केलंत तर ते तुमच्या प्रबंधातलं पहिलं खरं पान होईल.

दादांच्या म्हणण्याबद्दल. प्राप्तिकर अधिनियम २०२५ लागू होण्याची तारीख त्यांनी बरोबर सांगितली, रद्दीचं मात्र बरोबर नाही. जुन्या वर्षांची प्रकरणं जुन्याच कायद्याखाली चालायची आहेत, आणि अशी प्रकरणं न्यायालयांत अनेक वर्षं राहतील. दुसरं म्हणजे, न्यायालयांनी ज्या शब्दाचा अर्थ लावलेला आहे तोच शब्द विधिमंडळाने नव्या कायद्यात पुन्हा वापरला, तर तो अर्थ मान्य करूनच वापरला असं गृहीत धरलं जातं. नवा कायदा ५३६ कलमांचा आहे आणि भाषा सोपी करणं हा त्याचा सांगितलेला हेतू आहे. परंतुकं, म्हणजे कलमाला 'परंतु' म्हणून जोडलेल्या अटी, आणि स्पष्टीकरणं काढून ती पोटकलमांत आणली आहेत. 'इतरत्र काहीही म्हटलं असलं तरी' या अर्थाचा 'नॉटविथस्टँडिंग' जाऊन 'इरिस्पेक्टिव्ह' आला आहे. 'नॉटविथस्टँडिंग'ने सुरू होणारं कलम दुसऱ्या कलमावर कुठवर मात करतं, यावर निकालांचा ढीग आहे. परंतुक हे मूळ नियमाला अपवाद की स्वतंत्र नियम, यावरही आहे. ते सगळं ज्ञान नव्या शब्दरचनेला लागू पडेल का? या प्रश्नावर अजून फार थोडं लिहिलं गेलंय आणि जुने निकाल वाचलेला माणूसच त्यावर लिहू शकतो. तुमचे एकतीस वाचून झाले आहेत.

सरांना 'शंभर करणार नाही' असं तोंडी सांगायला जाऊ नका, ते अवघड होईल. आधी त्या एकतिसांचे ढीग करा: संसदेने फट बुजवली ते, कलमच काढलं ते, मागच्या तारखेपासून बदललं ते, आणि ज्यांना हात लावला नाही ते. शेवटचा ढीग नीट बघा. संसद गप्प का राहिली, हाही प्रश्नच आहे. प्रत्येक ढिगातले तीन-चार निकाल ठेवा. मग कलम ५५ च्या १९८८ पासूनच्या दुरुस्त्यांचा तक्ता करा. डावीकडे तारीख, मध्ये वाढवलेले शब्द, उजवीकडे त्याआधीचा निकाल. एका पानात बसतो. ते पान सरांच्या टेबलावर ठेवा आणि त्यांचं वाचून झालं की विषय काढा.